चरईतलं घर: मागणी पावणेदहा कोटी, सौदा आठ कोटी चाळीस लाख

ठाण्यात तलावपाळीपासून पायी दहा मिनिटांवर, चरईतल्या एका अरुंद रस्त्यावरचं कौलारू दुमजली घर विकायला निघालं. जाहिरात अशी: शतकापूर्वीचं सागवानी घर, पूर्ण जीर्णोद्धार, ४,००० चौरस फूट, मागणी ९.७५ कोटी. अकरा महिन्यांनी ते ८.४० कोटींना गेलं. मधले १.३५ कोटी कुठे गळाले आणि अकरा महिने कशात गेले, याचा हा हिशोब. घर नमुन्याचं आहे. त्याची मापं, रकमा आणि माणसं धरलेली आहेत; कर, मुद्रांक, बांधकामाचे नियम आणि चुना-लाकडाचं वागणं मात्र खरं आहे.

रस्ता अरुंद म्हणून घर शिल्लक

भूखंड साडेतीन गुंठ्यांचा, म्हणजे ३५४ चौरस मीटर. दर्शनी बाजू १४ मीटर. समोरचा रस्ता ६ मीटर. आजूबाजूचे वाडे पाडून टॉवर झाले आणि हेच का राहिलं, याचं उत्तर मालकांच्या हौसेत कमी आणि या ६ मीटरमध्ये जास्त आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे, दाट वस्तीच्या हद्दीबाहेर (हे घर तसं धरलं आहे) मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१ मिळतो. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असला तर वर टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही, प्रीमियम एफएसआयही नाही. म्हणजे बिल्डरला मूळ ३८९ चौरस मीटर आणि त्यावर पैसे भरून मिळणारा ६० टक्के पूरक एफएसआय. घर आजच ३३० चौरस मीटरचं आहे. एवढ्यासाठी पाडापाडी करणारा बिल्डर जमिनीला फार भाव देत नाही. इथे त्याचा आकडा ७.१० कोटी होता.

हा आकडा कुणी जाहिरातीत लिहीत नाही, पण सौद्याचा तळ तोच असतो. त्याच्या वर जे काही मागायचं, ते घराच्या जोरावर. म्हणजे विक्रेते २.६५ कोटी फक्त घराचे मागत होते आणि सगळी झटापट त्या २.६५ कोटींवर झाली.

पालिकेच्या शहर विकास विभागातून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात या भूखंडावर काय आखलंय याचा दाखला, काढल्यावर दुसरी बाजू दिसली. रस्ता ९ मीटर करण्याची रेषा या घरातून १.२ मीटर आत जाते. १४ मीटर लांबीला १.२ मीटर म्हणजे १६.८ चौरस मीटर. जमीन म्हणून हे किरकोळ, पण त्या पट्ट्यात पूर्ण ओसरी आणि तिचे सहा सागवानी खांब आहेत. रुंदीकरण कधी होईल हे कुणी सांगत नाही. होईल तेव्हा मोबदला मिळतो, खांब मिळत नाहीत. शिवाय रस्ता ९ मीटर झाला की एकूण एफएसआय २ पर्यंत जातो आणि शेजारी टॉवरचं काम सुरू होण्याची शक्यता वाढते. राहण्यासाठी घर घेणाऱ्याला हा तोटा, जमीन धरून ठेवणाऱ्याला हाच फायदा. ग्राहक जोडपं पहिल्या जातीचं होतं. ४२ लाख इथे कमी झाले.

वारसा यादीचा प्रश्नही याच खिडकीवर सुटतो. घर यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे लेखी विचारावं. यादीत असेल तर बाहेरून बदल करायला वारसा समितीचा रस्ता धरावा लागतो. नसेल तर दलालानं "हेरिटेज प्रॉपर्टी" म्हणण्याला कागदावर काही किंमत नाही. हे घर यादीत नव्हतं. दलाल शेवटपर्यंत हेरिटेजच म्हणत राहिला.

चार हजार फूट नव्हतेच

तळमजला १६५ चौरस मीटर, माडी १६५. दोन्ही मिळून ३,५५२ चौरस फूट. उरलेले ४४८ फूट छपराखालच्या पोटमाळ्याचे. जीर्णोद्धारात पोटमाळ्याला लाकडी जिना, दोन खिडक्या आणि एसी बसवून त्याची बेडरूम केली होती. कौलं बदलणं, गिलावा, रंग, फरशी अशा दुरुस्तीला बांधकाम परवानगी लागत नाही. राहती जागा वाढवायला लागते, आणि ती घेतलेली नव्हती.

विक्रेत्यांच्याच हिशोबानं फुटाला २४,३७५ रुपये भाव पडत होता. त्या भावानं पोटमाळा १ कोटी ९ लाख २० हजारांचा झाला. ग्राहकाच्या वकिलानं तो पूर्ण वगळला. विक्रेत्यांचं म्हणणं, लाकूडकाम तरी आमचं आहे. शेवटी ७५ लाख कमी झाले आणि खरेदीखतात क्षेत्रफळ ३३० चौरस मीटरच लिहिलं गेलं. जुन्या घराला मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र बहुधा नसतं. तेव्हा "आधीपासून काय होतं" हे नगर भूमापनाचा नकाशा, चौकशी नोंदवहीचा उतारा आणि पालिकेचा जुना कर आकारणी उतारा या तिघांवरून सिद्ध करायचं असतं. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, पण किती मजल्यांवर कर लागत होता हे मात्र अचूक सांगते.

भिंत: चार फुटांवरची रेघ

आता घराकडे. दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंती, चुन्यात बांधलेल्या, काळ्या दगडाच्या जोत्यावर. ग्राहकाच्या इंजिनिअरनं पहिल्या भेटीत दिवाणखान्याच्या भिंतीला हात लावला तो जमिनीपासून चार फुटांवर. तिथे रंगाला अगदी बारीक फोड आले होते, एका सरळ रेषेत. त्याखाली गुळगुळीत, नवाकोरा गिलावा. टिचकी मारल्यावर खालचा भाग दगडासारखा टणक वाजला, वरचा मऊ.

कारण एका वाक्याचं आहे: खालचे तीन फूट सिमेंटनं गिलावले होते. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल विटांतून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर उडून जाते. भिंत सतत थोडी पिते आणि थोडी सोडते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या ठाण्यात हे सोडणं बंद झालं की काय होणार? सिमेंटनं तोंड बंद केलं म्हणून ओल सिमेंटच्या वर चढली आणि तिथे बाहेर पडताना खार सोडून गेली. रंगाचा फोड सुईनं फोडला की आत पांढरी पूड मिळते, ती हीच. त्यावर वॉटरप्रूफ पुट्टी लावली की फोड पुढच्या वर्षी पाच फुटांवर येतात.

"पण कॉन्ट्रॅक्टरनं वीस वर्षांची गॅरंटी दिलीय," विक्रेत्या भावंडांतले थोरले बंधू म्हणाले. गॅरंटी सिमेंटची होती. सिमेंट उत्तमच होतं.

उपाय महाग कमी, वेळखाऊ जास्त. सिमेंट छिन्नीनं उतरवायचं. मशीन लावलं तर विटेचा भाजलेला पापुद्रा निघतो आणि आतली मऊ वीट उघडी पडते. मग भिंत सुकू द्यायची. अंदाज असा की एक इंच जाडी सुकायला साधारण महिना. दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी सुकली तरी नऊ महिने, म्हणून पूर्ण सुकण्याची वाट कुणी पाहत नाही. दिवाळीनंतर काम काढायचं, चार महिने उघडी ठेवायची आणि मेच्या आत गिलावा संपवायचा. गिलावा तीन थरांचा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, चुना निदान काही आठवडे पाण्यात मुरवलेला. ताजा भिजवलेला चुना वापरला तर न विरलेले खडे भिंतीत फुलतात आणि सहा महिन्यांनी गिलाव्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. थर सुकताना उन्हापासून झाकायचा आणि दिवसातून दोनतीनदा पाणी शिंपडायचं. वर चुन्याचीच सफेदी; प्लॅस्टिक पेंट लावला तर सगळी मेहनत पुन्हा बंद डब्यात. गूळ-बेलफळाच्या पाण्याबद्दल मिस्त्री हमखास विचारतात. ते पारंपरिक आहे, थोड्या प्रमाणात चालतं. पण चुना मुरलेला नसेल तर गूळ त्याला वाचवत नाही.

या कामाला १८ लाख धरले गेले आणि किमतीतून वळते झाले. विक्रेत्यांनी स्वतः केलं असतं तर कमी लागले असते, हे खरं. पण पुढचा पावसाळा तोंडावर होता.

कौलं आणि तुळया

इथे काम चांगलं झालं होतं आणि तेही सांगायला हवं, कारण ८.४० कोटी त्यामुळेच टिकले.

छपराचा उताराचा पृष्ठभाग १९५ चौरस मीटर. चौरस मीटरला साधारण १६ मंगलोरी कौलं धरली तर तीन हजारांच्या वर लागतात. जुन्यांपैकी निम्मी वाचली होती. नेहमीची चूक ही, की जुनी नवी मिसळून बसवतात. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर असंख्य कारखाने झाले आणि प्रत्येकाच्या कौलाची खाच चारदोन मिलिमीटरनं वेगळी. एकात एक बसल्यासारखी दिसतात, पण वारा-पाऊस तिरका आला की त्याच फटीतून पाणी आत. इथे सुतारानं सगळी जुनी कौलं रस्त्याकडच्या उतारावर आणि सगळी नवी परसदाराकडे घातली होती. दोघांची गाठ फक्त आढ्यावर. रस्त्यावरून घर जुनं दिसतं आणि गळत नाही.

कौलाखाली पाणी अडवणारी शीट होती. ती फळ्यांवर अंथरून त्यावर थेट आडव्या रिपा ठोकल्या तर झिरपलेलं पाणी प्रत्येक रिपेपाशी तळं करतं आणि खिळ्याच्या भोकातून उतरतं. इंजिनिअरनं परसदाराकडची सहा कौलं सरकवून पाहिलं: आधी उताराच्या दिशेनं उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा. पाण्याला पन्हळीपर्यंत वाट मोकळी. ज्यानं हे केलं त्या सुताराचा नंबर ग्राहकानं त्याच दिवशी मागून घेतला.

माडीखाली चौदा सागवानी तुळया. तुळई सहसा मधे आधी कुजत नाही. कुजते भिंतीत गेलेल्या टोकाशी, जिथे ओल असते आणि हवा नसते. म्हणून तपासणी तिथे: पेचकस टोकाशी दाबायचा, आत गेला तर लाकूड गेलं. ओलावा मोजणाऱ्या मीटरवर २० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर आज चांगली दिसणारी तुळईही उद्याची. इथे तीन टोकं कापून नव्या सागाचे तुकडे तिरक्या सांध्यानं जोडले होते, दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती बोटभर मोकळी जागा. दोरी ताणून मोजलं तर मधल्या तुळईला ३.६ मीटर लांबीत २२ मिलिमीटर झोळ निघाला. नव्या बांधकामात लांबीच्या ३६० व्या भागाचा, म्हणजे १० मिलिमीटरचा निकष लावतात. २२ ऐकून ग्राहक घाबरलं. पण शंभर वर्षं भार सोसणारं लाकूड वाकून बसतंच. तो झोळ वाढतोय का, हा प्रश्न असतो. भिंतीवर खूण करून पावसाळ्याआधी आणि नंतर मोजलं. फरक शून्य.

माडीवरचं नवं न्हाणीघर हे सगळ्यांत धोक्याचं ठिकाण ठरू शकलं असतं. दहा सेंटिमीटर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर टाइल म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोंच्या वर नुसतं बसून असलेलं वजन. माणसं आणि सामान मिळून खोलीला जेवढं वजन धरतात तेवढं आणखी एकदा. इथे कोबा टाकलाच नव्हता. स्वतंत्र पायावर उभी पोलादी चौकट, वर सिमेंट बोर्ड, पाण्याचा थर आणि टाइल. माडीच्या लाकडी कडीपाटावर त्याचा भारच नाही. वाळवीसाठी भिंतीलगत दर ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध भरल्याचं बिल आणि हमीपत्रही होतं.

सी-१, सी-२ए अशी धोकादायक वर्गवारीची नोटीस या घराला नव्हती. तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचनात्मक तपासणी लागतेच. तिचा ताजा अहवाल विक्रेत्यांनी काढून ठेवला होता आणि तो दाखवल्यावर तुळयांवरची घासाघीस दोन दिवसांत संपली.

भावंडं

कागदांवर मात्र पाच महिने गेले. घर वडिलांनी १९६१ मध्ये विकत घेतलेलं. मृत्युपत्र नाही. मिळकत पत्रिकेवर दोन मुलगे. दोन मुलींची नावंच नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलींना पहिल्यापासून मुलांइतकाच हिस्सा आहे; वडिलोपार्जित असती तर २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा लागला असता. "बहिणींचं काही म्हणणं नाही" हा कागद नव्हे. एकतर नोंदणीकृत हक्कसोड, नाहीतर वारस नोंद करून चौघांच्या सह्या. बहिणींनी हक्क सोडला नाही, आणि का सोडावा? नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज, नोटीस, हरकतीची मुदत, मग फेरफार.

खरा पेच वेगळा होता. जीर्णोद्धाराचा १.३६ कोटी खर्च थोरल्यानं एकट्यानं केला होता आणि तो आधी वळता करून मग वाटणी करा, असं त्याचं म्हणणं. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, बिलं दाखव, त्याचा चौथा भाग मी आजच देते." बिलं ८२ लाखांची निघाली, बँकेतून दिलेली. उरलेले ५४ लाख मिस्त्री-मजुरांना रोख. त्याला कागद नाही, म्हणून भावंडांपुढेही नाही आणि आयकरापुढेही नाही. तिघांनी प्रत्येकी साडेवीस लाख थोरल्याच्या खात्यात विक्रीआधी जमा केले आणि चौघांत तसं लिहून ठेवलं. सुधारणेचा खर्च आता चौघांचा झाला.

तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत पूर्वी शिंपीकामाचं दुकान होतं. पागडीचा भाडेकरू ११ लाख घेऊन गेला होता, पण नुसत्या नोटरीवर. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेला हक्क असा हवेत सोडून ग्राहक पैसे देत नाही. नोंदणीकृत दस्त करून घेतला आणि दुकानात बसणाऱ्या मुलाचीही सही घेतली.

पैसे

बँकेच्या मूल्यांककानं ६.९० कोटी धरले. त्याला जमीन दिसते, आणि घसारा लावलेली शंभर वर्षांची इमारत दिसते. सागाचे खांब त्याच्या तक्त्यात नाहीत. ७५ लाखांवरच्या गृहकर्जाला मूल्याच्या ७५ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे कर्ज ५.१७ कोटी. मुद्रांक ठाण्यात ७ टक्के, फक्त महिलेच्या नावे घेतलं तर ६. खरेदी पत्नीच्या एकटीच्या नावे झाली, ८.४० लाख वाचले, मुद्रांक ५०.४० लाख आणि नोंदणी फी ३०,०००. खिशातून एकूण सुमारे ३.७३ कोटी. जीर्णोद्धारित घर पाहायला येणारे बरेच जण इथे गळतात.

प्रत्येक भावंडाच्या वाट्याला २.१० कोटी. भारतात राहणाऱ्या तिघांच्या रकमेतून ग्राहकानं १ टक्का टीडीएस कापला. धाकटा भाऊ कॅनडात. त्याच्या बाबतीत कपात भांडवली नफ्याच्या दरानं आणि कमी कपातीचा दाखला नसेल तर नफ्यावर नव्हे, पूर्ण रकमेवर: १२.५ टक्के, अधिभार आणि उपकर धरून १४.९५ टक्के, म्हणजे ३१.४० लाख. प्रत्यक्ष कर पाहू. १ एप्रिल २००१ चं मूल्य (त्याआधीच्या मिळकतीची खरेदी किंमत म्हणून हे धरता येतं) पूर्ण घराचं ६० लाख, त्याचा चौथा हिस्सा १५ लाख, सुधारणेचे साडेवीस. नफा १.७४५ कोटी, कर २६.०९ लाख. ५० लाख करसवलतीच्या रोख्यांत सहा महिन्यांच्या आत गुंतवले तर १८.६१ लाख. कमी कपातीचा दाखला त्यानं आयकर खात्याकडून खरेदीखताआधी काढला. त्याला सात आठवडे लागले आणि तेवढे सगळे थांबले. निवासी भावंडांना खरेदी किमतीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही खुला होता; २०२५-२६ च्या ३७६ निर्देशांकानं १५ लाखांचे ५६.४० झाले, तरी १२.५ टक्केच स्वस्त पडलं.

खरेदीखत झालं त्या दिवशी ताब्यासोबत एक यादी दिली गेली: ओसरीच्या दरवाजाची पितळी किल्ली, वायरिंगचा नकाशा, तुळयांच्या दुरुस्तीचे आधीचे आणि नंतरचे फोटो, परसदारी रचून ठेवलेली जुनी २१४ कौलं. कौलं ग्राहकानं मोजून घेतली. पुढची पंधरा वर्षं जे जे फुटेल, त्याला जुळणारी खाच दुसरीकडे मिळणार नाही. छिन्नीचं काम दिवाळीनंतर सुरू झालं.